मालकीचा दाखला
(जानेफळची रोजनिशी, 2025)

5 नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. लख्ख चांदणं होतं म्हणून भाऊजी जागलीला गेले खरे, पण रोह्यांनाही, म्हणजे नीलगायींनाही, तेवढंच लख्ख दिसत असणार. पहाटे परत येऊन म्हणाले, नाल्याकडचा हरभरा खुडून नेल्यासारखा साफ झालाय. सोयाबीन पावसात गेलं, आता हे. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी नेहमीचं पालुपद लावलं, "वहिनी, पह्यले पारध्याले सांगावा धाडला का काम होऊन जाये. आता बलावलं तं तो बी अंदर अन् आपून बी अंदर."

शेजारच्या धुऱ्यावर मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास लावलेला आहे. लावणारा पारधी नव्हे, चांगला बारा एकरांचा धनी. मागच्या आठवड्यात त्यात गावातलंच एक कुत्रं अडकलं. तार पोटाभोवती बसली होती. जितकी ओढ द्यावी तितकी रुते. पक्कड आणून तोडली तेव्हा पट्ट्याएवढी कातडी सोलून निघाली होती. कुत्रं वाचलं. तारेबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही.

6 नोव्हेंबर

विनिपेगहून पुतणीचा फोन. हडसन बे कंपनीची सगळी दुकानं या 1 जूनला कायमची बंद झाली. तिने बंद होता होता तिथलं एक कांबळं घेऊन ठेवलं होतं, ते आज व्हिडिओवर दाखवलं. पांढऱ्या लोकरीवर हिरवा, लाल, पिवळा, निळा असे पट्टे. असली कांबळी देऊन कंपनी आदिवासींकडून बीव्हरची कातडी घ्यायची म्हणे. "काकू, ही तुमच्या ईस्ट इंडिया कंपनीची धाकटी बहीण," ती हसत म्हणाली.

नातं तिने बरोबर लावलं. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात मुंबई मिळाली. ती त्याने 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात टाकली. दोन वर्षांनी, 2 मे 1670 ला, त्याच राजाने हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख चुलतभाऊ रुपर्टच्या मंडळीला लिहून दिला. खंड काय, तर राजा कधी त्या मुलखात आलाच तर दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर. जो मुलूख आपण पाहिलेला नाही, ज्याच्यात माणसं राहतात, तो एका सहीने द्यायचा आणि भाडं जनावरांत ठरवायचं! मुंबईचे दहा पौंड निदान नाणं तरी होतं.

8 नोव्हेंबर

दोन दिवस पुतणीने पाठवलेलं वाचते आहे. शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा यातलं एक अक्षर पाठ्यपुस्तकात नव्हतं.

बीव्हरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब राठ केस, खाली दाट मऊ लव. त्या लवेचा नमदा करून युरोपात साहेबी टोप्या बनत. वरचे राठ केस काढणं किचकट काम. त्यामुळे टोपीवाल्यांची खरी पसंती कशाला, तर आदिवासींनी अंगात घालून जुन्या केलेल्या पांघरुणांना. एखादा हिवाळा केसाळ बाजू आत ठेवून अंगावर घातलं की घामाने, घासण्याने राठ केस झडून जात आणि अंगाच्या तेलाने लव मुरे. नव्या कातड्यापेक्षा त्या वापरलेल्याला भाव जास्त. सुरुवातीला या लोकांना हसू आलं असणार, आमची जुनेरी घेऊन हे वेडे चाकू आणि पातेली देताहेत!

हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्यांना सुरुवातीपासून बिचारं समजण्यात अर्थ नाही. पहिली शे-दीडशे वर्षं ते अडाणी गिऱ्हाईक नव्हतेच. क्री लोक कंपनीच्या ठाण्यावर येऊन घासाघीस करत, बंदूक फुटते, पातेलं जड आहे म्हणून तोंडावर सुनावत. इंग्रजांनी दर पाडला तर पलीकडे फ्रेंच होते. कातडंच चलन होतं. एका चांगल्या बीव्हरच्या कातड्याचा एक 'बीव्हर' धरायचा, आणि बंदुकीला तसे दहा-बारा मोजायचे. बायकांच्या हातात तर अर्धा धंदा होता. कातडी कमावणं, बर्फावर चालायचे जोडे विणणं, वाळवलेल्या मांसाचं पेमिकन करणं, दुभाषी होणं. गोऱ्या व्यापाऱ्यांनी त्यांच्याशी संसार केले आणि बरेच जण मायदेशी परतताना ते तिथेच टाकून गेले. त्या संसारांतून मेटी नावाचा एक नवा समाजच उभा राहिला.

मग चक्र फिरलं. बंदूक आली की दारूगोळा लागतो, तो कातड्याशिवाय मिळत नाही. जवळचे बीव्हर संपले की दुसऱ्याच्या रानात जावं लागतं. इरोक्वाय राष्ट्रांनी 1649 मध्ये वेंडाट लोकांची गावं उद्ध्वस्त केली, त्यामागे जुनं वैर होतं तसं कातड्याचं गणितही होतं. नावांतून माल आला तशी देवी आली. 1837 मध्ये अमेरिकन फर कंपनीचा माल घेऊन मिसूरी नदीतून एक आगबोट वर गेली, आणि त्या उन्हाळ्यात मँडन नावाची शेती करणारी अख्खी जमात मोजक्या शे-सव्वाशे माणसांवर आली. अलास्कात रशियन व्यापाऱ्यांनी तर घासाघीसही ठेवली नाही. अल्यूट बायका-मुलं ओलीस धरून पुरुषांना समुद्री ऊदमांजरांच्या शिकारीवर पाठवलं.

शेवट व्यापाऱ्याला शोभेलसा. 1869-70 मध्ये कंपनीने तो सगळा मुलूख कॅनडाला तीन लाख पौंडांना देऊन टाकला, वर सुपीक जमिनीचा विसावा हिस्सा आपल्याकडे राखला. तिथे राहणाऱ्यांना विचारलंच नाही. लुई रिएलच्या मेटींनी बंड केलं, ते याच सौद्यावर.

9 नोव्हेंबर

कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत. दुसरं काही झालं नाही.

12 नोव्हेंबर

भाऊजींच्या ओळखीने मेहकरकडच्या एका पारधी बेड्यावर गेले. नाव लिहीत नाही. वहीतलं नावही कुठे जाईल सांगता येत नाही, आणि या लोकांची नावं लिहून ठेवण्याचा उद्योग सरकारने आधीच पुष्कळ केला आहे.

दहा-बारा टिनाच्या खोल्या, शेळ्या, गैरानाची जमीन. पंचाहत्तरीच्या पुढचे एक बाबा बाजेवर बसले होते. पहिलाच प्रश्न, "बाई, तुम्ही जंगलखात्याच्या तं नाही?" शाळेतल्या, म्हटल्यावर जरा सैल झाले. घरात फासा नाही, असूही नये. पोत्याचा एक सुतळीधागा उपसून त्यांनी दोन बोटांत दाखवला. आधी सरकगाठ, मग ती खुंटीला, मग तशा खुंट्यांची रांग गवतातून पावलाएवढ्या अंतरानं. खरा फासा घोड्याच्या शेपटीच्या केसाचा. "घोड्याचाच, घोडीचा नाही. घोडीचा मुतानं कुजते." पिंजऱ्यातला पाळीव तितर आरोळी देतो, रानातले भांडायला धावत येतात आणि पाय अडकून बसतात. काळविटाला शिकवलेल्या गाईच्या आडून जायचं. बाबांचा हात थरथरत होता, पण गाठ पहिल्या झटक्यात बसली. "आमचा फासा पाय धरते, जीव नाही घेत. गाभण निघाली, पिल्लू निघालं तं सोडून देयेचं. तुमची ते तार पोट कापते."

मी कातड्याचं विचारलं. घोरपडीचं, सापाचं, कोल्ह्याचं कातडं फिरता व्यापारी घेऊन जाई. पैसे थोडे, पीठ-मीठ-तेल जास्त. उधारी त्याच्याच वहीत. "मांस आमचं, कातडं त्याचं."

"कुठं जायचं ते?"

"ममईले. ममईच्या म्होरं मले मालूम नाही."

मुंबईच्या पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. घोरपडीच्या आणि अजगराच्या कातड्याच्या पर्सेस, चपला, पट्टे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात निर्यात बंद होईपर्यंत हा माल बोटी भरून गेला.

एक गोष्ट मात्र सरळ मांडली पाहिजे. आपल्या पारध्याचा धंदा मुळात फरचा नव्हे. मांस, पाखरं, आणि शेतकऱ्याचं रान राखणं हे पोट. कातडं वरकड. क्री शिकाऱ्यासारखी दर वाढवून घेण्याची ताकद त्याला कधी मिळालीच नाही, कारण समोर फ्रेंच नव्हते, एकच फिरता व्यापारी होता.

13 नोव्हेंबर

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातल्या जातिजमातींवरचा 1916 चा ग्रंथ पुन्हा काढला. त्यात पारध्यांच्या पोटजाती दिल्या आहेत. फासेपारधी, लंगोटी पारधी, जात्याला टाकी लावणारे टाकणकार, आणि राजेरजवाड्यांसाठी चित्ते धरून शिकवणारे चित्ता पारधी. आज अनुसूचित जमातींच्या यादीत 'चिता पारधी' हे नाव आहे, चित्ते मात्र 1952 मध्ये अधिकृतपणे संपले. 2022 मध्ये नामिबियाहून विमानाने आणून कुनोत सोडले तेव्हा टीव्हीवर सगळे दिसले, चित्ता पारधी कुठे दिसला नाही. असो.

त्या काळाची खरी वही सरकारी तिजोरीत होती. वाघ, बिबटे, लांडगे मारले की कातडं कचेरीत नेऊन दाखवायचं आणि इनाम घ्यायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे असे मारले गेले. त्यात साहेबांच्या शिकारींचा हिस्सा मोठा. हाका घालायला, माग काढायला पारधी आणि गोंड. कातडी म्हैसूरच्या व्हॅन इंगेनकडे भरायला जात आणि तिथून दिवाणखान्यांत.

आणि याच सुमारास दुसरी वही उघडली. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा. 1911 मध्ये तो देशभर लावण्याची सोय झाली, अंगठे घेणं, हजेरी, वसाहती. एका टेबलावर मेलेल्या वाघाचं इनाम मोजायचं, शेजारच्या टेबलावर त्याचा माग काढून देणाऱ्याचा अंगठा घ्यायचा. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला उठला, हजेरीची सवय ठाण्यातून गेली नाही. बेड्यावरच्या पोरांना अजून आसपास चोरी झाली की रात्री उठवतात.

14 नोव्हेंबर

बालदिन. शाळेत भाषणाला बोलावलं होतं. मी मतीन भोसल्यांची गोष्ट सांगितली. स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेची मास्तरकी सोडली, स्टेशनावर भीक मागणारी आपल्या समाजाची पोरं गोळा केली आणि अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला शाळा काढली. नाव 'प्रश्नचिन्ह'. पुढे समृद्धी महामार्ग नेमका त्या शाळेच्या आवारातून आला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, रस्ता थोडा बाजूनं नसता नेता आला?" मी म्हटलं, हा प्रश्न शाळेच्या नावाला शोभतो.

17 नोव्हेंबर

माहेरी जाऊन आले. भावाला म्हटलं, आजोबांचं मृगाजिन दाखव.

देवघराच्या वरच्या फडताळात गुंडाळलेलं असतं. काळविटाचं, पाठीकडे गडद, पोटाकडे पांढरं. कडा आक्रसल्यात, मानेकडचे केस झडलेत, मध्यावर बैठकीने गुळगुळीत झालेला गोल. आजोबा त्यावर बसून जप करत. ते कधी दुसऱ्याला त्यावर पाय ठेवू देत नसत. आणलं कुठून, असं आईला विचारलं. तिला आठवतं की पारधी देऊन गेला होता, त्याला ज्वारी मापून दिली होती, आणि ती ओसरीच्या खाली उतरून, अंतर राखून.

भावाने त्याच फडताळातून प्लास्टिकची फाइल काढली. आत वनखात्याचा मालकीचा दाखला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरातल्या कातड्या-शिंगांची माहिती देऊन नोंद करण्याची सोय होती. ज्यांनी ती केली नाही त्यांच्यासाठी 2003 मध्ये सरकारने आणखी 180 दिवस दिले. आमच्याकडचा अर्ज त्या 180 दिवसांतला. कागद व्यवस्थित, शिक्क्यासह.

बसल्या बसल्या मनाशी मांडून पाहिलं. ज्याच्या घरात कातडं होतं त्याला आधी मुदत, मग पुन्हा मुदत आणि शेवटी दाखला. ज्याच्या दुकानात कातडी होती त्याचं काय? परवाना असलेले व्यापारी देशात धंदा करतच राहिले. 1986 च्या दुरुस्तीने तो बंद केला तेव्हा त्यांनाही साठा जाहीर करायला मुदत दिली. ज्याने फासा लावला त्याला मात्र एका दिवसाचीही मुदत नाही. आदल्या दिवशी धंदा होता, दुसऱ्या दिवशी गुन्हा. त्याला तर बहुतेक वेळा कायदा झाल्याचं कळलं तेच हातात बेडी पडल्यावर.

वन्यजीव कायदा नको होता असं मी म्हणत नाही. तो झाला नसता तर आज कुणाच्याच शेतात काही आलं नसतं, रोहीसुद्धा. पण मुदतीची वाटणी ज्या माणसांनी ठरवली त्यांच्या दिवाणखान्यांत काय लटकत होतं, याचा विचार केला की ती तशी का झाली ते समजतं.

भाऊ म्हणाला, "ताई, आता काय हे परत पारध्याले नेऊन देऊ?" उत्तर दिलं नाही.

20 नोव्हेंबर

दुसरीकडे काय केलं, ते पाहत होते. तमिळनाडूतले इरुला लोक सापाच्या कातड्यावर जगत. बंदी आली, पोट गेलं. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर आणि इरुला मंडळींनी 1978 मध्ये सहकारी संस्था काढली. तेच हात, तेच कसब. नाग, मण्यार, घोणस, फुरसं धरायचं, विष काढायचं, साप परत सोडायचा. आपल्या शिवारात कुणाला पान लागलं तर सरकारी दवाखान्यात जी लस टोचतात, ती बनवायला लागणारं विष बहुधा त्यांनीच काढलेलं असतं. म्हणजे अवघड होतं असं नाही. बेड्यावर तसं विचारायला कुणी आलं नाही, एवढंच.

कागदावरची सवलत कितपत कामाची, त्याचं उदाहरण उलट्या टोकाला आहे. 1983 मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इन्युइट लोकांना त्यातून वगळलं होतं, शब्दांत. पण बाजार पडला तो सगळ्यांचाच. मोठ्या सीलचं मांस खाऊन कातडं विकणाऱ्या इन्युइट घरांतली रोकड आटली आणि ज्यांनी पिल्लं मारण्याचा बाजार मांडला होता ते दुसऱ्या धंद्याला लागले.

23 नोव्हेंबर

भाऊजींचं म्हणणं, मी पारध्यांची फार कड घेते. "वाघ कोन मारते मंग?"

प्रश्न रास्त आहे. मेळघाटात 2013 मध्ये वाघ मारले गेले त्या प्रकरणात मध्य प्रदेशातल्या कटनीकडचे बहेलिये शिकारी धरले गेले. लोखंडी सापळा लावून, आवाज न करता. हे फासे लावून तितर धरणं नव्हे, ही तस्करी आहे आणि शिक्षा व्हायलाच हवी. पण तिथेही साखळी तीच. सारिस्क्यातले वाघ 2004-05 मध्ये संपले तेव्हा ज्याचं नाव देशभर झालं तो संसारचंद दिल्लीच्या सदर बाजारातला व्यापारी. त्याने रानात काय काढलं? काही नाही. वही ठेवली. धरला गेलेला बहेलिया पैशांत वाघाच्या किमतीचा कितवा हिस्सा पाहतो, ते आपण समजू शकतो, आणि सदर बाजाराच्या पुढचा गिऱ्हाईक तर परदेशात बसलेला. त्याला कुठलं ठाणं हजेरी लावायला बोलावतं?

आणि आमच्याच जिल्ह्याची दुसरी बाजू. टिपेश्वरचा तो गळ्यात पट्टा घातलेला तरुण वाघ 2019 मध्ये निघाला आणि तेलंगणाची सीमा, हिंगोली, वाशिम असं करत तेराशेवर किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. बहुतेक वाट शेतांतून, धुऱ्यांवरून, बेड्यांच्या जवळून. कुणाच्याही फाशात अडकला नाही. भाऊजी यावर म्हणाले, "नशीबवान व्हता." असेल.

28 नोव्हेंबर

शेजारच्या वाशिम-अकोल्याकडे कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या 'संवेदना' संस्थेने फासेपारध्यांना घेऊनच माळरानं आणि तणमोर राखण्याचं काम केलं. तणमोर म्हणजे गवतातून उंच उडी मारून दिसणारा आणि तेवढ्यातच नाहीसा होणारा पक्षी. त्याचं घरटं कुठे असतं हे संशोधकापेक्षा फासेवाल्याला जास्त ठाऊक. पन्ना व्याघ्रप्रकल्पात वाघ संपल्यावर पारध्यांच्या मुलांसाठी वसतिगृहं चालली आणि काही तरुण पर्यटकांना रान वाचायला शिकवतात. ही कामं थोडी आहेत, छोटी आहेत, पण खोटी नाहीत.

उलट आपल्याकडे काय? पिकाची नासाडी करणारे रोही-रानडुक्कर परवानगी काढून मारण्याची सोय शासन निर्णयात आहे. पण त्यासाठी परवान्याची बंदूक पाहिजे. पारध्याला ती कोण देणार? मग क्लच वायर.

2 डिसेंबर

बेड्यावर पुन्हा गेले. या वेळी बाबांच्या नातसुनेचं काम होतं. मुलीला जातीचा दाखला हवाय, शिष्यवृत्तीसाठी. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. तेव्हा यांचं घर पालाचं होतं, ते वर्षाला चार जिल्हे फिरे. शाळेची पायरी कुणी चढलेलं नाही, महसुलात नाव नाही. बाबा म्हणाले, "आमचा अंगठा ठान्यात हाय, तो चालते का?" ते गमतीने नव्हते विचारत. मी तलाठी कार्यालयात आणि मेहकरला तहसिलीत जाऊन येईन म्हटलं. गृहचौकशीचा मार्ग आहे, तो लावून धरावा लागेल.

दुसरं, शबरी घरकुल योजनेत यांच्यातल्या काही जणांची नावं लागू शकतात, पण घरकुलाला स्वतःच्या नावाची जागा लागते, आणि जागा गैरानावर. अतिक्रमण नियमित करायला ग्रामसभेचा ठराव लागतो. मागच्या खेपेला हा विषय निघाला तेव्हा कोरम नसल्याने सभा तहकूब झाली.

पुढची ग्रामसभा 26 जानेवारीला. ज्यांच्या घरच्या देवघरात, माळ्यावर, दिवाणखान्यात दाखल्यासह एखादं कातडं आहे, त्यांनी तरी त्या दिवशी यावं. आणि ठराव वाचला की हात वर करावा.